सोबतीचं टेंडर

सांता रुफिना
९ फेब्रुवारी १९८७

लिबो,

निकोमेदेसमामाची बोट सुटायला अजून अवकाश आहे. तो माझ्या खानावळीच्या दारात बसून तळलेली केळी खातोय आणि "लिही, लिही, मी कुठे पळतोय," म्हणतोय. म्हणून हे घाईत.

धक्का मंजूर झाला! सरकारी खात्याची नोटीस आली, पाद्रीबाबांनी प्रार्थनेनंतर वाचून दाखवली. आपल्या गावाला बोटीचा धक्का, सिमेंटचा, दिव्यांसकट. बायका रडल्या. तू शहरात राहतोस, तुला आता आठवणार नाही, पण ओहोटी लागली की बोट तिकडे लांब आणि आपण इकडे, मधे मांडीएवढा गाळ. गेल्या महिन्यात उबाल्दिनाच्या पोटात कळा सुरू झाल्या त्या नेमक्या ओहोटीला. पाणी चढेपर्यंत ती बिचारी किनाऱ्यावर चटईवर पडून होती आणि आम्ही समुद्राकडे बघत होतो, जणू तो आमचं ऐकणार आहे. बाळ वाचलं. तिचं नशीब. आणि परवा नवे पाद्रीबाबा मामाच्या पाठुंगळीवर बसून येत होते, तर मामाचा पाय रुतला आणि दोघंही आडवे. अख्खं गाव हसलं. मग कुणीतरी म्हणालं, आपण हसतोय कुणाला? आपण रोज असेच येतो-जातो.

तर ऐक. टेंडर निघणार आहे. तू भरायचंस. नाताळात तू बांबू घेऊन गाळात खोली मोजत फिरलास तेव्हा आम्ही तुझी टिंगल केली, पण गावाने मनात तेव्हाच ठरवलं होतं. धक्का कमिटीची सेक्रेटरी मला केलंय, कारण अक्षर बरं आहे आणि मी कुणाला घाबरत नाही. आपल्या मातीतला पहिला कंत्राटदार तू. दुसऱ्या कुणी का बांधावा?

मावशी असती तर हेच म्हणाली असती. तुझ्या आईचं नाव काढतेय म्हणजे समज.

पास्तोराताई

---

ब्वेनाव्हेंतुरा
२ मार्च १९८७

ताई,

पत्र मिळालं. मी टेंडर भरतोय. कमिटीला तसं कळव.

पण एक सांगतो, राग मानू नकोस. या धंद्यात मंजुरी म्हणजे काम नव्हे. ओब्रेगोनसाहेबही भरणार आहेत. त्यांच्याकडे तराफे आहेत, खांब ठोकायची यंत्रं आहेत, वीस वर्षांचं नाव आहे. माझ्याकडे एक मिक्सर आहे आणि तोही भाड्याने देतो तेव्हा चालतो. लिफाफे बंद असतात, कुणाचा भाव काय ते उघडल्यावरच कळतं. त्यामुळे कार्मेनमातेपुढे मेणबत्त्या लावू नका. हरलो तर लोकांना वाईट वाटेल, आणि ते मला आवडणार नाही.

इकडे पाऊस थांबत नाही. माझी तब्येत बरी आहे. उबाल्दिनाच्या बाळाला आशीर्वाद.

तुझा
लिबोरिओ

---

सांता रुफिना
२१ एप्रिल १९८७

लिबो,

पत्राखाली "लिबोरिओ" अशी सही कुणाला करतोस रे? बँकेला पत्र लिहितोयस का?

निकाल कळला. पेपरात तिघांचे भाव छापून आले होते, पाद्रीबाबांनी कात्रण देवळाच्या दाराला लावलं. ओब्रेगोन सगळ्यात खाली, तू सगळ्यात वर. पहिले दोन दिवस गावात सुतक होतं. मेणबत्त्या लावल्याच होत्या आम्ही, तू कितीही नको म्हण. मग निकोमेदेसमामा माझ्या ओट्यावर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे, तोंडं का पाडताय? लिबोचा भाव जास्त का? कारण तो खांब खोल घालणार होता. त्याने गाळ स्वतः मोजलाय. बाकीच्यांनी कागदावर मोजला. आपल्या पोराने खोटा भाव लावला नाही म्हणून तो हरला!"

लोकांना इतकं बरं वाटलं, काय सांगू. आता जो तो म्हणतो, आमच्या लिबोने हरणं पत्करलं पण भाव पाडला नाही. कमिटीने तुझ्या अभिनंदनाचा ठराव केला. हरलेल्या माणसाचं अभिनंदन, हे आपल्याच गावात होऊ शकतं. बायकांनी तुझ्यासाठी खारवलेला मासा आणि पियांग्वा शिंपल्यांचं लोणचं पाठवलंय. शिंपल्या उबाल्दिनाने स्वतः खारफुटीत उतरून काढल्यात, बाळाला पाठीशी बांधून. संपवायचं.

ताई

---

ब्वेनाव्हेंतुरा
११ मे १९८७

ताई,

डबा मिळाला. पुन्हा काही पाठवू नका. खरंच सांगतो, नका पाठवू. उबाल्दिनाला त्या पोराला घेऊन चिखलात उतरायला कोण सांगतं?

आणि तो ठराव रद्द करायला सांग. भाव जास्त असणं हा काही पराक्रम नाही. त्याची बरीच कारणं असतात.

मला एक काम मिळालंय, दक्षिणेला एका गावच्या बाजारावर छप्पर घालायचं. पहिलंच सरकारी काम. त्यामुळे इतक्यात तिकडे येणं होणार नाही.

लिबो

---

सांता रुफिना
३ सप्टेंबर १९८७

लिबो,

चार महिने झाले, तुझा कागद नाही. तुला काम मिळालं म्हणून इथे मारिंबा वाजली, हे तुला कळवलं होतं. त्यालाही उत्तर नाही. मोठा माणूस झालास. असो.

धक्क्याचं सांगते. जूनमध्ये ओब्रेगोनची माणसं आली, तराफ्यावरून खांब आले. त्यांचा मुकादम सेगुरा माझ्याकडेच जेवतो. बोलका माणूस, तपाओवर जीव टाकतो, मासा संपला तरी रश्श्यातली कच्ची केळी बोटांनी पुसून खातो. सुरुवातीला काम जोरात होतं. लोक संध्याकाळी खुर्च्या घेऊन बघायला बसायचे, जणू जत्राच.

मग ऑगस्टमध्ये सगळं थांबलं. का, तर म्हणे गाळ कागदावर होता त्याहून खोल निघाला. आता जादा खांब लागणार, त्याचा जादा पैसा मंजूर झाल्याशिवाय हातोडा उचलणार नाही. आता मला सांग, गाळ काय काल रात्री खोल झाला? लहान पोरालाही ठाऊक आहे तो किती खोल आहे! आधी कमी भाव लावून काम घ्यायचं आणि मधेच अडवून वाढवून मागायचं, याला काय म्हणतात तुमच्या धंद्यात? आमच्यात याला मासा तोलताना काट्यावर अंगठा ठेवणं म्हणतात.

आम्ही खात्याकडे तक्रार लिहिलीय. त्यात तुझ्या टेंडरचा दाखला दिलाय: "आमच्या गावचे श्री. लिबोरिओ अंगुलो यांनी गाळ प्रत्यक्ष मोजून प्रामाणिक भाव भरला होता, तो डावलला गेला." वाक्य माझं आहे, कसं आहे?

खात्याचे इंजिनिअर २६ तारखेला इथे सभेला येताहेत. तू यायचंस. तुझ्याइतकं त्यांच्या तोंडावर बोलणारं आमच्यात कुणी नाही. बाजाराचं छप्पर दोन दिवस थांबेल. ये.

ताई

---

ब्वेनाव्हेंतुरा
१४ सप्टेंबर १९८७

ताई,

मला येता येणार नाही. ताप येऊन गेलाय, अंगात कण नाही. शिवाय इकडचं छप्पर चढवायचं आहे, मी हललो तर मजूर पांगतील.

तक्रार जरूर करा, गाळाचं लिहा, थांबलेल्या कामाचं लिहा. पण माझ्या नावाचं वाक्य खोडून टाक. माझं त्यात काय काम? मी हरलेला माणूस. हरलेल्याचा दाखला दिला की ते म्हणतील, याच्या पोटात दुखतंय. तक्रार कमजोर होईल. ताई, ऐक माझं. ते वाक्य खोड.

लिबो

---

सांता रुफिना
३० सप्टेंबर १९८७

लिबोरिओ,

तुझं पत्र २५ तारखेला मिळालं. तापाचं वाचून काळजी वाटली. काढा पाठवायचा म्हणून बाटलीसुद्धा धुऊन ठेवली होती.

२६ला दुपारी सेगुरा जेवायला आला. इंजिनिअरसाहेबांची बोट यायची होती. तो खुशीत होता, कुणीतरी त्याला उसाची बिचे दारू पाजली होती. मी वाढता वाढता म्हटलं, "आज आमचा लिबो आजारी पडला म्हणून वाचलात. तो आला असता तर तुमची बोलती बंद झाली असती."

"कोण लिबो?"

"लिबोरिओ अंगुलो. माझा भाऊ. ज्याचा भाव डावललात तो."

घास त्याच्या तोंडातच राहिला. मग इतका हसला, इतका हसला, की डोळ्यांत पाणी आलं. "अहो पास्तोराबाई! अंगुलो तर आपलाच माणूस! त्याचं टेंडर आमच्याच ऑफिसात टाइप झालं. सोबतीचं टेंडर होतं ते. नवरदेवाबरोबर वऱ्हाडी लागतात की नाही? एकट्याने कसं भरायचं, चांगलं दिसत नाही. त्याने वरचा भाव भरला म्हणून तर आमचा खाली दिसला. भला माणूस आहे हो तुमचा भाऊ! इकडे सोडलं, तिकडे बाजाराचं घेतलं. कुणाचं काही गेलं नाही."

मी त्याच्या ताटात भात वाढत होते. वाढतच राहिले. तो "बस बस" म्हणाला तेव्हा पाहिलं, नारळाचा भात ताटाबाहेर सांडला होता.

मग सभा झाली. मासळीच्या शेडमध्ये सगळं गाव जमलं होतं. तक्रार वाचायचं काम माझं. तुझ्या नावाचं वाक्य मी खोडलं नव्हतं, तुझं पत्र येईपर्यंत कागदावर सगळ्यांचे अंगठे पडले होते. वाचता वाचता ते वाक्य आलं आणि मी ते मोठ्याने वाचलं. गाळलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, आणि सांगायची माझी छाती झाली नाही. खोटं आहे हे ठाऊक असून गावासमोर उभं राहून वाचलेलं माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य. त्यावर निकोमेदेसमामा टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, त्या पोराचा भाव बघा. त्याला प्रामाणिक भाव म्हणतात."

खात्याच्या इंजिनिअरने सेगुराकडे पाहिलं. दोघांनी माना खाली घातल्या. हसू लपवायला. लोकांना कळेना हे का हसतायत. मामा मागे वळून माझ्याकडे बघत होता, मी तरी सांगेन म्हणून. मी चपलेकडे बघत बसले.

आता सांग, सेगुरा खोटं बोलला का? तसं असेल तर एका ओळीत लिही, मी त्याच्या जेवणात राख घालीन. पण तू लिहिणार नाहीस, मला वाटतं. तू ते वाक्य खोडायला सांगितलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गावात मी कुणाला बोललेले नाही. तू एकट्याने केलंस, आता आपण दोघं लपवतोय.

पास्तोरा

---

ब्वेनाव्हेंतुरा
१२ ऑक्टोबर १९८७

ताई,

सेगुरा खरं बोलला. ताप नव्हता.

कारणं सांगतो, पण ती माफीसाठी नाहीत. चार वर्षं मी टेंडरं भरली. दोनदा माझा भाव सगळ्यात कमी होता. एकदा शिक्का वाकडा म्हणून बाद झालो, एकदा सहीच्या शाईच्या रंगावरून. तिसऱ्या वेळी ओब्रेगोनसाहेबांनी जेवायला बोलावलं. बंदरावरच्या त्या मोठ्या हॉटेलात, जिथे मी कॉलेजात असताना भांडी घासली होती. टेबलावर बंदरातले पाच कंत्राटदार. साहेब म्हणाले, "इथे रांग असते, पोरा. प्रत्येकाची पाळी येते. रांग मोडतो तो कायम मागे राहतो." त्या टेबलावर आपल्या काळ्या रंगाचं कुणी कधी बसलं नव्हतं. ताई, मला अभिमान वाटला. लाज वाटायला हवी होती तिथे मला अभिमान वाटला. आता सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

मग आपला धक्का आला. मी सांगितलं, हे माझं गाव, हे मला द्या, वाटल्यास पुढच्या दोन पाळ्या सोडतो. साहेब हसून म्हणाले, "तुझं गाव आहे म्हणूनच तू हरायला हवंस. तू भरलंच नाहीस तर लोक विचारतील. तू भरून हरलास की सगळे गप्प बसतील." आणि तुम्ही गप्प बसलात. वर माझं अभिनंदन केलंत.

माझा स्वतःचा लिफाफा तयार होता. नाताळात मोजलेल्या गाळावरून काढलेला भाव, खांब खोल धरून. तो ओब्रेगोनच्या भावापेक्षा कमी होता. मी तो फाडला आणि त्यांनी टाइप करून आणलेल्या कागदावर सही केली. त्यावर गावाचं नावसुद्धा चुकलं होतं. "सांतो रुफिनो" लिहिलं होतं, आपल्या संतबाईला बाप्या करून टाकलं होतं. मी पाहिलं. दुरुस्त करायला सांगायची लाज वाटली. म्हणजे बघ, लाज कुठे वाटली मला.

शिंपल्यांचं लोणचं मी खाल्लं नाही. टाकवलंही नाही. शेवटी घरमालकिणीला दिलं.

काय करू ते सांग.

लिबो

---

सांता रुफिना
२१ ऑक्टोबर १९८७

लिबो,

मला काय विचारतोस? मी एकटी गाव नाही. ये आणि शेडमध्ये उभा राहून सगळ्यांना सांग. मी सभा बोलावते, कशासाठी ते सांगणार नाही.

पण मी येणार नाही सभेला. तुला तिथे उभं असलेलं मला बघवणार नाही. मी चुलीपाशी असेन.

ताई

---

ब्वेनाव्हेंतुरा
५ नोव्हेंबर १९८७

ताई,

निघताना तुला तोंड दाखवता आलं नाही. तू चुलीपाशी होतीस, आता तुझ्या कानावर दहा तऱ्हा येतील, म्हणून काय झालं ते मीच लिहितो.

शेडमध्ये शिरलो तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मी ओब्रेगोनशी भांडायला आलोय. उबाल्दिनाने बाळ माझ्या हातात दिलं. ते घेऊनच मी सांगायला सुरुवात केली. निम्मं सांगून झालं तेव्हा ती उठली आणि बाळ परत घेऊन गेली.

सगळं सांगून झालं. कुणीतरी मागून हसलं, थट्टा वाटली असावी. मग उबाल्दिनाच म्हणाली, "आम्ही मेणबत्त्या लावल्या रे! निदान मेणबत्त्यांचे तरी पैसे दे." त्यावर हशा पिकला. ताई, शिव्या परवडल्या असत्या.

निकोमेदेसमामाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. विचारलं, "तुझा खरा भाव किती होता?"

मी आकडा सांगितला.

"म्हणजे सरकारने जो पैसा काढला होता, त्यात झाला असता?"

"हो."

"खांब खोल घालून?"

"हो, मामा."

"मग आत्तापर्यंत झाला असता."

मी हो म्हणालो का नुसती मान हलवली, आठवत नाही. मामा उठला, टोपी घातली, म्हणाला, "भरती येतेय. मला बोट बघायला हवी." त्याच्यामागून एकेक जण उठून गेला. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. शेडमध्ये मी आणि मासळीच्या रिकाम्या टोपल्या.

परतीच्या बोटीत मामाने मला नेहमीसारखी पुढची जागा दिली. उतरताना मी भाडं पुढे केलं, ते त्याने मोजून घेतलं. आजवर त्याने माझ्याकडून कधी भाडं घेतलं नव्हतं.

काल मी हिशेब तपासणाऱ्या सरकारी लोकांकडे जाऊन लेखी जबाब दिला. टेबलावरच्या पाचांची नावं, सहावं माझं. संध्याकाळी ओब्रेगोनसाहेब स्वतः खोलीवर आले. म्हणाले, "तुला वेड लागलंय. आम्हाला दंड होईल, तू मात्र संपशील." त्यांचं बरोबर असावं. बाजाराचं काम काढून घेतील, परवानाही जाईल.

लिबो

---

सांता रुफिना
१८ मार्च १९८८

लिबो,

तुझा परवाना गेला आणि तू सिमेंटच्या दुकानात माल मोजायला बसतोस, हे बोटीवरून कळलं. तू कळवलं नाहीस.

इथे तुझ्यावर सगळे खूश आहेत असं समजू नकोस. तुझ्या जबाबाने ओब्रेगोनचं काम रद्द झालं. सेगुरा सामान घेऊन गेला. पाण्यात अर्धवट खांब उभे आहेत, त्यांच्यावर पाणकोळी बसतात. लोक म्हणतात, आधी निदान अर्धा धक्का येत होता, आता तोही नाही. खरं आधी बोलला नाही, बोलला तर अवेळी. मी काय उत्तर देणार? माझाही हात त्यात आहेच. मी गावाला सांगितलं, की सभेच्या दिवशी मला ठाऊक होतं. सेक्रेटरीचं काम माझ्याकडून काढून घेतलं होतं. महिन्याभराने परत दिलं, कारण नव्या सेक्रेटरीचं अक्षर तिचं तिलाच लागेना.

आता नवं टेंडर निघतंय. कमिटीने ठरवलंय, लिफाफे उघडतील तेव्हा गावातर्फे तू तिथे बसायचंस. ठराव निकोमेदेसमामाचा. तो म्हणाला, "चोराला वाट माहीत असते. त्यालाच बसवा." मी "चोर"च्या जागी दुसरा शब्द घालत होते, तर म्हणाला, "बदलू नकोस. तसंच लिही."

तर तसंच लिहिलंय. बसशील का?

ताई

---

ब्वेनाव्हेंतुरा
९ जून १९८८

ताई,

बसलो.

हॉलमध्ये शिरलो तेव्हा ओब्रेगोनसाहेब दाराशीच होते. "काय अंगुलो, काम शोधायला आलास? आमच्याकडे वॉचमनची जागा आहे." बाकीचे हसले. मी पुढच्या रांगेत जाऊन बसलो. कुणी शेजारी बसलं नाही.

चार लिफाफे होते. अधिकारी नुसती बेरीज वाचून पुढे जात होता, नेहमीची पद्धत. मी हात वर केला आणि म्हणालो, प्रत्येक कामाचा वेगवेगळा दर वाचा. तो वैतागला, पण नियमात आहे, वाचावं लागलं. खांब, सळई, वाळू, मजुरी. तिघांचे दर ऐकता ऐकता मला आधीच कळत होतं पुढचा काय असणार. एकाच माणसाने एका बैठकीत बसून लिहिलेले होते, एकावर ठरावीक टक्के चढवले की दुसरा, त्यावर आणखी चढवले की तिसरा. मी तसं बोललो. अधिकारी म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

हॉल भरलेला होता, ताई. सिमेंटच्या दुकानाचा मालकही होता, ज्याच्याकडे मी नोकरी करतो.

मी म्हणालो, "कारण गेल्या वर्षी मी असंच टेंडर भरलं होतं. माझ्याच गावाच्या धक्क्यासाठी."

अधिकाऱ्यांनी बेरजा तपासल्या आणि तीन लिफाफे बाजूला काढले. चौथा डोंगरापलीकडच्या एका कंपनीचा होता, इथे त्यांना कुणी ओळखत नाही. त्यांचा भाव मी फाडलेल्या लिफाफ्यातल्या भावाच्या जवळपास निघाला, महागाई धरली तर. काम त्यांना मिळेल असं दिसतं. त्यांच्या इंजिनिअरला मी नाताळातली गाळाची मापं दिली. त्याने पैसे देऊ केले, घेतले नाहीत.

तू "शाब्बास" लिहिशील. नको लिहूस. मालकाने दुसऱ्या दिवशी कामावर ठेवलं, पण गल्ल्याला नवं कुलूप बसवलंय.

लिबो

---

सांता रुफिना
२२ फेब्रुवारी १९८९

लिबो,

मी "शाब्बास" लिहिणारच नव्हते, तुला कुणी सांगितलं?

धक्का झाला. पुढच्या रविवारी उद्घाटन आहे. पाद्रीबाबा पाणी शिंपडतील, खात्याचे साहेब येतील, मारिंबावाले तीन गावांचे आहेत. निकोमेदेसमामाने बोटीला निळा रंग दिलाय. आता पाठुंगळीला कुणी नाही म्हणून तो थोडा उदासही आहे, पण ते कबूल करत नाही.

तुला आमंत्रण द्यायचं का, यावर कमिटीत बोलणं झालं. काही म्हणाले द्या, त्याच्यामुळे झाला. काही म्हणाले, त्याच्यामुळे वर्षभर उशिरा झाला. दोन्ही खरं आहे. उबाल्दिनाने विचारलं, "त्याला खुर्ची कुठे द्यायची? साहेबांत की आपल्यात?" मत मागितलं तेव्हा मी हात वर केला नाही, ना इकडे ना तिकडे.

म्हणून उद्घाटनाला येऊ नकोस. तू कुठे बसावंस हे आम्हाला ठरवता येत नाही, आणि तुला ते ठरवताना आम्हाला बघायचं नाही.

नंतर ये. एखाद्या साध्या मंगळवारी, बाजाराची बोट असते तेव्हा, टोपल्या घेतलेल्या बायकांबरोबर. मामा भाडं घेईल, ते दे. लोक बघतील, काही बोलतील, काही बोलणार नाहीत. कुणी विचारलं कशाला आलास, तर सांग, पास्तोराकडे जेवायला आलो.

तपाओ करून ठेवीन.

ताई